वीतभर गाडी

"कुठे नेताय मला?" बायकोने विचारलं आणि तो हसला. तीही हसतच बोलली होती. वीतभर लांबीची ती गाडी तळहातावर घेऊन, चष्मा कपाळावर सारून, एक डोळा मिटून ती गाडीच्या इवल्याशा खिडकीतून आत बघत होती. आत पुढच्या दोन सीटांवर दोन माणसं होती. स्टिअरिंगमागे तो आणि शेजारी ती, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. "छान झालीय हो," ती म्हणाली, "अगदी आपलीच." मग तिने गाडी शोकेसमध्ये, लॅबमधल्या लोकांनी दिलेल्या घड्याळाशेजारी ठेवली आणि ती तोंड धुवायला गेली. रक्ततपासणीच्या लॅबमधला तिचा तो शेवटचा दिवस होता. निवृत्तीची भेट म्हणून त्याने ही गाडी केली होती, ती कामावर असताना, लपूनछपून, कित्येक महिने. त्यामुळे ती नेमकं काय म्हणाली याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो कौतुकाची वाट बघत होता आणि ते मिळालं होतं. चहा ओतताना मात्र ते वाक्य परत आलं. कुठे नेताय मला. त्याचा हात थांबला आणि चहा बशीत सांडला. अगदी सुरुवातीचे काही आठवडे सोडले तर त्याने तिला गाडीतून कधी कुठे नेलंच नव्हतं. जिथे जिथे गेले तिथे तिने त्याला नेलं होतं.

तो रेघेचा माणूस. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि रेघ केसभर हलली तरी त्याला घास गोड लागत नसे. डायकास्टच्या गाड्यांचा नाद त्याला उशिरा लागला. ओतीव धातूची बॉडी, प्लास्टिकच्या सीटा, रबरी टायर, चार स्क्रू असं किट आणायचं, आणि डब्यावरच्या चित्राप्रमाणे न जोडता त्यातून आपल्याला हवी ती गाडी काढायची. बायको याला नवऱ्याचा दुसरा संसार म्हणायची. हे किट मुळात भडक लाल होतं. रंग उतरवायचं रसायन लावून, जुन्या टूथब्रशने नळाखाली घासून त्याने तो लाल काढला, साच्याची उमटलेली रेघ कानशीने घासून टाकली, प्रायमर मारला आणि मग कितीतरी दिवस नुसता रंगावर घालवला. त्यांची खरी गाडी राखाडीकडे झुकलेली निळी होती, पण कुठला निळा धरायचा? टपावरचा उन्हाने विटलेला होता, दारांवरचा वेगळा होता आणि पेट्रोलच्या झाकणाच्या आत अजून पहिल्या दिवसाचा निळा शिल्लक होता. शेवटी ज्या भागाचा जो निळा, तोच त्याने त्या भागाला दिला. मागच्या दाराला पोचा दिला. सगळ्यात जिकिरीचं काम स्टिअरिंगचं. किट जिथे बनतं तिथल्या रीतीप्रमाणे ते दुसऱ्या बाजूला होतं. त्याने डॅशबोर्ड बारीक करवतीने कापून उलटा बसवला, पेडल हलवली, वायपरसुद्धा फिरवून घेतले, कारण वायपर कुठल्या बाजूला झोपतात हे शंभरात एखाद्याच्याच लक्षात येतं आणि तो एकजण नेमका आपल्याच वाट्याला येतो. परगावी असलेली मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, आत तुम्ही दोघं बसलेले करा ना. म्हणून त्याने मळून कडक होणाऱ्या पुटीची माणसं केली. बायकोचा चष्मा केला, स्वतःचं टक्कल केलं आणि ते फार चमकू नये म्हणून त्यावर बिनचकाकीचं वॉर्निश मारलं. मग चिमट्याने स्वतःला उचलून स्टिअरिंगमागे बसवलं, हात चाकावर चिकटवले, काचा लावल्या आणि स्क्रूची भोकंही भरून टाकली. त्या वेळी त्याला काहीच वाटलं नव्हतं, आणि आता त्याला त्याचंच भय वाटत होतं. सगळं जिथल्या तिथे होतं, वायपरसुद्धा. माणूस तेवढा चुकला होता.

घराणं चाकाचं होतं. वडील आधी दुसऱ्यांचे ट्रक चालवायचे, मग त्यांनी स्वतःचे घेतले. दादा, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, मिसरूड फुटायच्या आत केबिनमध्ये जाऊन बसला. "चाक रक्तात असतं," असं वडील म्हणत, आणि म्हणताना धाकट्याकडे बघत, कारण धाकटा पेन्सिली तासत बसलेला असे. त्याच्या लग्नानंतर त्याने हप्त्याने गाडी घेतली तेव्हा वडिलांना जो आनंद झाला तो त्याला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. नवरा-बायको एकाच क्लासात गाडी शिकले. तो नियम पाठ करून शिकला, ती नुसती शिकली. मग पुलाच्या चढावरची ती संध्याकाळ आली. वाहनं खोळंबलेली, पुढे बस, मागे टेम्पो, शेजारी बायको आणि तिच्या मांडीवर काही महिन्यांची मुलगी. पुढची बस हलली. त्याने क्लच सोडला आणि गाडी मागे घसरली. पुन्हा ब्रेक, पुन्हा क्लच, पुन्हा मागे. टेम्पोला हलकासा धक्का लागला. काहीसुद्धा झालं नव्हतं. टेम्पोवाल्याने तर शिवीही दिली नाही. पण त्याने हँडब्रेक ओढला तो ओढलाच, बोटं त्यावरून सुटेनात. मागून हॉर्न, घामाने चिकटलेला सदरा आणि समोर तो चढ, जो आता कधी संपणारच नव्हता. बायकोने मुलीला त्याच्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "तुम्ही हिला धरा, मी घेते पुढे." ती गाडीला वळसा घालून आली, त्याने बाळाला छातीशी धरून पलीकडे सरकून घेतलं, आणि ते पूल उतरले.  दुसऱ्या दिवशी ती आपणहून स्टिअरिंगमागे बसली, आणि त्यानंतर रोजच.

वडिलांच्या घरी जायचं तेव्हा मात्र पंचाईत. ते गेटपाशी वाट बघत उभे असायचे. पहिल्या खेपेला अलीकडच्या कोपऱ्यावर, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या भिंतीशी, तिने गाडी थांबवली. कारण सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही. दोघं उतरले, एकमेकांना ओलांडून गेले, जागा बदलून बसले, आणि गेटपर्यंतचा तो सपाट, सरळ, बिनचढाचा तुकडा त्याने चालवला. वडील कौतुकाने बोनेटवर थाप मारायचे. मग ती रीतच पडली. पोचल्यावर तो किल्ली टेबलावर टाकायचा, मान चोळायचा आणि रस्त्याला काय गर्दी होती ते सांगायचा. नाटक म्हटलं तर नाटक, पण सांगताना त्याची मान खरोखरच दुखायची. खांदे भरून आलेली बायको स्वयंपाकघरात जायची, आणि तिथे वहिनी म्हणायची, तुझं बरंय बाई, नुसतं बसून यायचं. मुलीला वाटायचं तो एक खेळ आहे, सगळ्यांचे आईबाबा कोपऱ्यावर खेळतात तो. एकदा भरल्या ताटावर ती आजोबांना तो खेळ समजावून सांगायला लागली तेव्हा बायकोने तिच्या तोंडात घास कोंबला. हे सगळं आठवताना त्याला हसू येत होतं. हसू येत होतं, पण त्या हसण्याच्या तळाशी दुसरं काहीतरी बसलं होतं, आणि तो तिकडे जायला बघत नव्हता.

तळाशी होती ती दुपार. दादा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर गेला होता, वहिनी माहेरी होती, आणि हे दोघं वडिलांकडे आले होते. जेवणानंतर वडिलांच्या छातीत कळ आली. त्यांना मागच्या सीटवर घातलं, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तो मागे बसला, आणि बायकोने गाडी काढली. दवाखान्याच्या दारात तो स्ट्रेचरबरोबर आत धावला, ती गाडी लावायला गेली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर आशा नव्हती. वडील वाचले, पुढे चांगली काही वर्षं जगले, आणि त्या वर्षांत येईल त्याला सांगत राहिले, की धाकट्याने गाडी अशी हाणली, अशी हाणली, म्हणून मी आज इथे बसलोय. चाक रक्तात असतं. त्या दुपारी त्यांना शुद्ध नव्हती, त्यांनी आपल्या मनाने धरलं ते धरलं. पहिल्यांदा त्यांनी हे म्हटलं तेव्हा बायको खोलीतच होती. त्याने तिच्याकडे बघितलं. तिने उशीचा अभ्रा सारखा केला. आजारी माणूस आहे, नंतर सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं. वडील गेल्यावर ती गोष्ट दादाकडे आली, आणि दादा ती वडिलांपेक्षाही रंगवून सांगतो. कोपऱ्यावरची अदलाबदल हा नवरा-बायकोचा मामला होता, त्यात कुणाचं काही जात नव्हतं. या गोष्टीत मात्र तिचं गेलं होतं. एका माणसाचा जीव तिने वाचवला होता आणि तो नवऱ्याच्या नावावर चढला होता. आणि आता त्याने स्वतःच्या हाताने, भिंगातून बघत, ते सगळं धातूत पक्कं करून तिलाच भेट म्हणून दिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो गाडी उघडायला बसला. ती शेजारणीकडे किंवा बाजारात गेली की शोकेसमधून गाडी काढायची, भरलेली भोकं पुन्हा कोरायची, स्क्रू सोडवायचे, आणि ती यायच्या आत गाडी जागेवर ठेवायची. जोडताना माणूस उघडण्याचा विचार करत नाही. एक काच तडकली, दाराजवळचा निळा उडाला. आपलं पक्कं काम बघून त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं. शेवटी बॉडी सुटली. त्याने चिमट्याने स्वतःला धरून ओढलं, तेव्हा धड निघून आलं आणि दोन्ही हात कोपरापासून चाकालाच चिकटून राहिले. तेही खरवडले. मग बायकोला उचललं, तिची पर्स काढून टाकली, तिचे मांडीवरचे हात कापले आणि नवे हात करायला पुटी मळली. इथे तो अडला. हात कसे? ती चाक कसं धरते? वरून, मधून, खालून? अंगठा आत असतो की बाहेर? गावातल्या अर्ध्या लोकांना तिचे हात ठाऊक होते, एका खेपेत शीर सापडते म्हणून लोक तिच्याकडेच रक्त द्यायला थांबायचे. आणि तो इतकी वर्षं त्या हातांशेजारी बसून, सतत समोर बघत, आपल्या बाजूला नसलेला ब्रेक पायाने दाबत आला होता. पुटी बोटांत कडक होऊन गेली तरी त्याला काही आठवेना.

पुढच्या रविवारी दादाकडे जेवायला जायचं होतं. बायको कपड्यांच्या घड्या घालत बसली होती तेव्हा तो म्हणाला, "या खेपेला गाडी तूच आत ने."

तिने हातातली घडी पूर्ण केली. "का?"

"का म्हणजे, खरं आहे म्हणून."

"खरं काय आजच झालं?"

त्याला वाटलं होतं तिला आनंद होईल. आता घडीवरून हात फिरवत ती शांतपणे बोलत राहिली. म्हणाली, कोपऱ्यावर मी उतरायचे ते कुणी भाग पाडलं म्हणून नाही. सासऱ्यांसमोर तुमची मान खाली जाऊ नये असं मला वाटायचं, आणि त्यात माझी काही थोरवी नव्हती, मलाही नवरा ताठ मानेने चाललेला आवडायचा. आता तुम्ही खरं बोलून मोकळे व्हाल, पण मग इतकी वर्षं खोटं वागलं कोण? मीसुद्धा. वहिनी मला विचारणार, तुम्हाला नाही. झाकली मूठ आहे, ती तशीच राहू द्या, हात दाखवून अवलक्षण कशाला?  खरं स्वतःसाठी सांगायचंय की तिच्यासाठी, हे त्याला नक्की सांगता आलं नसतं.

"आणि बाबांचं?" त्याने विचारलं.

 एक कपडा उलगडून तिने पुन्हा त्याची घडी घातली. मग म्हणाली, "ते मात्र मला लागतं." एवढंच बोलून ती कपाटाकडे गेली.

रविवारी निघाले तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं. या वेळी तो समोर बघत नव्हता, तिच्या हातांकडे बघत होता. उजवा हात चाकाच्या खालच्या अंगाला सैल पडलेला, अंगठा बाहेर. वळताना ती चाक ओढत नव्हती, ते एका तळव्यातून दुसऱ्या तळव्यात जाऊ देत होती आणि वळण संपलं की सोडून देत होती, ते आपलं आपण सरळ होत होतं. आणि एका गतिरोधकापाशी ब्रेक दाबताना तिचा डावा हात गिअरवरून सुटला आणि त्याच्या छातीसमोर आडवा आला, न लागता, क्षणभर, आणि परत गेला. पुढच्या गतिरोधकालाही आला. तिला ते माहीतही नसावं. मुलगी त्याच्या मांडीवर असायची तेव्हाची ती सवय असणार. मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली, परगावी गेली, आणि तो हात अजून येतोच आहे.  काय बघताय, तिने विचारलं. काही नाही, तो म्हणाला.

छापखान्याच्या भिंतीशी तिने गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक लावला, पट्टा सोडला आणि उतरली. तिचे पाय सवयीने पुढून वळसा घालून त्याच्या दाराशी आले. ती दार उघडत नसे, कधीच उघडत नव्हती. तो आपणहून उतरेपर्यंत बाजूला तोंड करून उभी राहायची, रस्त्यावर काहीतरी बघत असल्यासारखी. हेही त्याच्या आज लक्षात आलं. त्याने काच खाली केली.

"परत बस तिकडे," तो म्हणाला.

"बघा हं."

"बघितलंय."

 ती पुन्हा वळसा घालून गेली, बसली, पट्टा लावला, आरशात बघून उगाच केस सारखे केले. तिच्या गळ्याशी शीर उडत होती. त्याने तर आपल्या बाजूला नसलेला ब्रेक दाबून धरला होता, आणि रस्ता सपाट होता.

दादा गेटपाशीच होता. आता तो वडिलांसारखाच दिसू लागला होता, उभाही तसाच राहायचा, एक हात कमरेवर ठेवून. गाडी आत वळली तसा तो नेहमीप्रमाणे स्टिअरिंगच्या बाजूला गेला, काहीतरी थट्टा करायला तोंड उघडलं, आणि आत वाकून बघून तसाच राहिला. मग घाईघाईने या बाजूला आला.

"काय रे," त्याने विचारलं, "बरं नाही का तुला?"

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. बाहेर पडायची वाट दादानेच करून दिली होती, आणि त्याच्या आवाजात खरी काळजी होती. चक्कर आली, बीपी वाढलंय, डोळ्यांनी नीट दिसत नाही. या वयात कारणांना काय तोटा. बायको समोर बघत होती, जणू हे बोलणं दुसऱ्याच कुठल्या गाडीत चाललंय. इंजिन चालूच होतं.

"मी ठणठणीत आहे," तो म्हणाला. "गाडी हीच चालवते. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"कोपऱ्यापर्यंत ही आणायची. तिथून पुढे मी बसायचो."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, एवढंच होतं का ते. इतकी वर्षं ज्याचं ओझं वाहिलं ते दोन वाक्यांत संपलं. दादा हसला नाही, रागावलाही नाही. तो मनातल्या मनात एकेक खेप मागे जात होता, एकेक जेवण, एकेक सण नसलेला साधा रविवार, आणि तो कुठे जाऊन पोचणार आहे हे गाडीतल्या दोघांनाही ठाऊक होतं.

"मग बाबांना त्या दुपारी..." दादा म्हणाला.

"हिनेच."

दादा सरळ झाला. गाडीला पुढून वळसा घालून तो तिच्या खिडकीशी गेला. तिने काच खाली केली. आता दादा हात जोडेल, की रडेल, की काही असं बोलेल जे ऐकवणार नाही, या भीतीने त्याने सीटची कड धरून ठेवली. दादाने खिडकीच्या कडेवर कोपर टेकवलं, रस्त्यात दोन ट्रकवाले भेटल्यावर टेकवतात तसं, आणि विचारलं, "पुलावरून घातलीस का खालून?"

"वरून," ती म्हणाली. "खालचं रेल्वेचं फाटक त्या वेळी बंद असतं."

"असतं. पण वर तरी त्या वेळी मुंगी शिरत नाही."

"नव्हतीच शिरत. चढाला सगळं ठप्प होतं. मग पलीकडच्या बाजूने घेतली."

"उलटी?"

"दिवे लावले, हॉर्न दाबून धरला आणि घेतली. हे मागून ओरडत होते, पूल नको, पूल नको. मी म्हटलं, ओरडू देत."

दादाने हळूच मान डोलावली. ती मान त्याने आजवर भावासाठी कधी डोलावली नव्हती. आणि आपण ओरडलो होतो? त्याला काही आठवेना. त्या दुपारचं त्याला फक्त मांडीवरचं वडिलांचं कपाळ आठवत होतं, त्यावरचा गार घाम, आणि तो पुसणारा आपलाच हात. वडिलांनी सांगितलेल्या गोष्टीत आणि दादाने सांगितलेल्या गोष्टीत रस्ता कधी आलाच नव्हता. ती घरातून सुरू व्हायची आणि थेट दवाखान्याच्या दारात संपायची.

बायकोने चावी फिरवून इंजिन बंद केलं. कुणी उतरलं नाही. घरातून वहिनीने हाक मारली, तरी दादाने कोपर काढलं नाही.

"मग?" दादाने विचारलं.

"मग काय, समोरून बस आली," ती म्हणाली, आणि दोन्ही हात पुन्हा चाकावर ठेवून सांगू लागली. तो तिच्या शेजारी बसून ऐकत राहिला. पुढे काय झालं ते त्याला माहीत नव्हतं.